दाब संवेदक (मोटारगाडीतील वातानुकूलन)

दाब संवेदक हा मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतकाचा दाब मोजून ती माहिती विद्युत संदेशाच्या रूपात गाडीतील नियंत्रण संगणकाला पुरवणारा घटक आहे. बोलीभाषेत त्याला 'एसी प्रेशर सेन्सर' किंवा नुसते 'प्रेशर स्विच' असे म्हणतात. काटेकोरपणे पाहता स्विच आणि संवेदक ही दोन वेगळी उपकरणे आहेत. दाबाने ठरावीक मर्यादा ओलांडली की स्विच विद्युत मंडल जोडतो किंवा तोडतो, तर संवेदक प्रत्येक क्षणाचा दाब आकड्याच्या रूपात कळवतो.

या उपकरणाचे मुख्य काम संरक्षणाचे आहे. प्रशीतकाचा दाब मर्यादेबाहेर वाढल्यास नळ्या, जोड आणि कॉम्प्रेसर यांना इजा होते आणि प्रशीतक वातावरणात निसटतो. दाब फार घटल्यास कॉम्प्रेसरला वंगण मिळेनासे होते आणि तो जाम होतो. दोन्ही प्रसंगी दाब संवेदकाच्या माहितीवरून कॉम्प्रेसर वेळीच बंद केला जातो. याखेरीज पंख्याचा वेग ठरवणे, इंजिनाची मंदगती सांभाळणे आणि यंत्रणेतील दोष ओळखणे यांसाठीही या माहितीचा उपयोग होतो.

## प्रशीतन चक्र आणि त्यातील दोन दाब

मोटारगाडीतील वातानुकूलन बाष्प-संपीडन चक्रावर चालते. त्यात प्रशीतक बंदिस्त मार्गातून फिरत राहतो. गॅरेजमध्ये या प्रशीतकाला 'गॅस' म्हणण्याची रूढी असली, तरी चक्राच्या काही भागात तो द्रवरूप असतो.

इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर थंड आणि कमी दाबाचे बाष्प ओढून घेतो व ते दाबून उष्ण, उच्च दाबाचे बाष्प बाहेर टाकतो. हे बाष्प गाडीच्या पुढील जाळीमागे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जाते. तेथे बाहेरच्या हवेला उष्णता देऊन त्याचा द्रव होतो. द्रव प्रशीतक ड्रायर नावाच्या लहान टाकीतून जातो. तेथे त्यातील ओलावा शोषला जातो व कचरा गाळला जातो. पुढे प्रसरण झडपेच्या अरुंद छिद्रातून जाताना त्याचा दाब एकदम घटतो. दाब घटल्यामुळे तो डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटरमध्ये कमी तापमानाला उकळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता गाडीतील हवेतून शोषून घेतो. थंड झालेली हवा पंखा आत सोडतो आणि बाष्प पुन्हा कॉम्प्रेसरकडे परतते.

अशा प्रकारे यंत्रणेचे दोन भाग पडतात. कॉम्प्रेसरच्या निर्गमापासून प्रसरण झडपेपर्यंत उच्च दाबाची बाजू आणि झडपेपासून कॉम्प्रेसरच्या अंतर्गमापर्यंत कमी दाबाची बाजू. आर-१३४ए हा प्रशीतक वापरणाऱ्या निरोगी यंत्रणेत, चालू अवस्थेत कमी दाबाची बाजू साधारण १.५ ते ३ बार आणि उच्च दाबाची बाजू साधारण १० ते १८ बार इतकी असते. हे आकडे बाहेरच्या हवेच्या तापमानानुसार बदलतात. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, किंवा गॅरेजमधील मापकांवर दिसणाऱ्या पीएसआय एककात सुमारे १४.५. या लेखातील दाबाचे आकडे वातावरणीय दाबाच्या वर मोजलेले, म्हणजे मापकावर दिसणारे आहेत.

दाब संवेदक बहुतेक गाड्यांत उच्च दाबाच्या बाजूला, कंडेन्सर आणि प्रसरण झडप यांमधील नळीवर किंवा ड्रायरवर बसवलेला असतो.

## दाब आणि तापमान यांचा संबंध

एका बंद भांड्यात प्रशीतकाचा द्रव व बाष्प एकत्र असतील, तर आतील दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. द्रव थोडा आहे की पुष्कळ, याने त्यात फरक पडत नाही. या दाबाला संपृक्त दाब म्हणतात. आर-१३४एचा संपृक्त दाब पुढीलप्रमाणे असतो.

- ० अंश सेल्सियस : सुमारे १.९ बार
- १० अंश : सुमारे ३.१ बार
- २० अंश : सुमारे ४.७ बार
- ३० अंश : सुमारे ६.७ बार
- ४० अंश : सुमारे ९.२ बार
- ५० अंश : सुमारे १२.२ बार
- ६० अंश : सुमारे १५.८ बार
- ७० अंश : सुमारे २०.२ बार
- ८० अंश : सुमारे २५.३ बार
- ९० अंश : सुमारे ३१.४ बार

तापमान समान अंतराने वाढले तरी दाब समान अंतराने वाढत नाही, हे या यादीवरून दिसते. ० ते १० अंशांत दाब १.२ बारने वाढतो, तर ८० ते ९० अंशांत तो ६ बारहून अधिक वाढतो. त्यामुळे कंडेन्सरमधील उष्णता बाहेर जाण्यात अडथळा आला, की दाब थोड्याच वेळात धोक्याच्या पातळीकडे जाऊ लागतो.

संरक्षणासाठी निवडलेल्या मर्यादांचा अर्थही या संबंधातून लागतो. अनेक गाड्यांत कॉम्प्रेसर सुमारे २ बारच्या खाली आणि सुमारे ३२ बारच्या वर बंद केला जातो. यांपैकी पहिली मर्यादा जवळपास ० अंशाच्या संपृक्त दाबाशी आणि दुसरी सुमारे ९० अंशांच्या संपृक्त दाबाशी जुळते.

## अतिदाब : कारणे आणि धोके

कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता यावी यासाठी त्यातील प्रशीतक बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावा लागतो. हवा ३० अंश असताना प्रशीतकाचे संघनन ४५ ते ५० अंशांना होऊ शकते. विदर्भातील उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा ते ६० अंशांच्या पुढे जाते आणि दाब १६ ते १८ बारपर्यंत पोहोचतो. म्हणजे कोणताही दोष नसतानाही यंत्रणा एरवीपेक्षा अधिक दाबाखाली काम करत असते. अशा वेळी पुढीलपैकी एखादे कारण जुळून आले, की दाब मर्यादा ओलांडू शकतो.

- कंडेन्सरचा पंखा बंद पडणे किंवा मंद फिरणे. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा कंडेन्सरला थंड करतो, पण वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या गाडीची सारी भिस्त पंख्यावर असते.
- कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ, चिखल, कीटक किंवा पालापाचोळा अडकणे, अथवा धक्क्याने ते पत्रे दुमडणे.
- यंत्रणेत प्रमाणापेक्षा जास्त प्रशीतक भरणे. जादा द्रव कंडेन्सरमध्ये साठतो आणि संघननासाठी उरणारी जागा कमी होते.
- यंत्रणेत हवा शिरणे. हवेचा द्रव होत नसल्यामुळे ती कंडेन्सरमध्ये अडकून राहते आणि तिचा दाब प्रशीतकाच्या दाबात मिळतो.
- उच्च दाबाच्या बाजूच्या नळ्यांत अडथळा येणे.

अतिदाबाचे परिणाम अनेक आहेत. कॉम्प्रेसरला अधिक बल लावावे लागते, त्याचे तापमान चढते आणि वंगण तेलाची प्रत बिघडते. पट्टा घसरू लागतो आणि क्लच तापतो. रबरी नळ्या व त्यांचे जोड गळू लागतात किंवा फुटतात. कंडेन्सर हा इंजिनाच्या रेडिएटरसमोर असल्यामुळे त्यातून निघणारी अतिउष्ण हवा रेडिएटरवर जाते आणि इंजिनही तापू लागते.

## अल्पदाब : कारणे आणि धोके

दाब घटण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे गळती. गाडीतील नळ्यांना इंजिनाची थरथर सोसावी लागते. त्यांचे काही भाग रबरी असतात आणि कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याला सील असते. घरगुती फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर पूर्णपणे वेल्डिंग केलेल्या डब्यात बंद असतो, त्यामुळे तेथे गळतीला वाव कमी असतो. मोटारगाडीत तसे नसते.

अल्पदाब वरकरणी निरुपद्रवी वाटतो, पण प्रत्यक्षात तो कॉम्प्रेसरच्या दृष्टीने अतिदाबाइतकाच घातक आहे. मोटारगाडीच्या कॉम्प्रेसरला इंजिनासारखा स्वतंत्र तेलपंप बहुधा नसतो. त्याचे वंगण तेल प्रशीतकात मिसळून संपूर्ण यंत्रणेत फिरते आणि प्रशीतकाबरोबरच परत येते. प्रशीतक कमी झाला की तेलाचे परतणे मंदावते. कॉम्प्रेसरला थंड ठेवणारे बाष्पही कमी होते. कोरड्या व तापलेल्या स्थितीत धातूवर धातू घासतो, त्याचा कीस सुटतो आणि अखेर कॉम्प्रेसर जाम होतो. हा कीस कंडेन्सर, ड्रायर आणि प्रसरण झडपेपर्यंत पोहोचल्यास केवळ कॉम्प्रेसर बदलून भागत नाही.

यंत्रणेत वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण झाल्यास आणखी एक संकट ओढवते. ज्या छिद्रातून प्रशीतक बाहेर जात होता, त्याच छिद्रातून हवा व ओलावा आत ओढला जातो. ओलाव्यामुळे आम्ल तयार होते आणि प्रसरण झडपेपाशी बर्फ साचू शकतो.

अल्पदाब मर्यादेचा आणखी एक उपयोग थंड प्रदेशांत होतो. बाहेरचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास असेल, तर यंत्रणेतील दाब आपोआपच २ बारच्या खाली राहतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही. इतक्या थंडीत घट्ट झालेल्या तेलावर कॉम्प्रेसर चालवण्याचे त्यामुळे टळते.

## इतिहास

१९३९ साली अमेरिकेतील पॅकार्ड या कंपनीने आपल्या १९४० च्या मॉडेलांसाठी कारखान्यात बसवलेले वातानुकूलन देऊ केले. त्यातील कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत तो फिरत राही आणि तो थांबवण्यासाठी इंजिन बंद करून पट्टा हाताने काढावा लागे. अशा रचनेत दाब वाढला म्हणून कॉम्प्रेसर आपोआप थांबवण्याची सोयच संभवत नव्हती.

पुढे विद्युतचुंबकीय क्लच रूढ झाला. पट्ट्याची कप्पी सतत फिरत राहते, पण क्लचच्या वेटोळ्यातून वीजप्रवाह गेला तरच कॉम्प्रेसरचा दांडा तिच्याशी जोडला जातो. या वीजप्रवाहाच्या मार्गात स्विच बसवून कॉम्प्रेसरवर नियंत्रण ठेवणे त्यामुळे शक्य झाले.

जुन्या यंत्रणांत अतिदाबापासून संरक्षण म्हणून ड्रायरवर वितळबूच बसवलेले असे. सुमारे १०० अंशांपुढे वितळणाऱ्या मिश्रधातूचे हे बूच प्रशीतक फार तापला की वितळे आणि सगळा प्रशीतक हवेत निघून जाई. यामुळे स्फोट टळे, पण यंत्रणा रिकामी होई.

त्या काळी वापरात असलेला आर-१२ हा प्रशीतक ओझोन थराला हानिकारक असल्याचे स्पष्ट झाले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला आणि १९९० च्या दशकात नव्या गाड्यांत आर-१३४ए आला. उच्च तापमानाला आर-१३४एचा दाब आर-१२ पेक्षा जास्त असतो. म्हणून आर-१२ च्या जुन्या यंत्रणेत आर-१३४ए भरताना, दाबमोचक झडप असलेल्या यंत्रणेवर अतिदाबाला कॉम्प्रेसर बंद करणारा स्विच बसवण्याची अट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घातली. झडप उघडून प्रशीतक हवेत जाण्याआधीच कॉम्प्रेसर थांबावा, हा त्यामागील हेतू होता. यंत्राच्या रक्षणासाठी आलेला दाब स्विच अशा रीतीने पर्यावरण रक्षणाचेही साधन बनला.

इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यावर साध्या स्विचांची जागा हळूहळू सतत मोजमाप करणाऱ्या संवेदकाने घेतली.

## प्रकार

### द्विस्तरीय स्विच

या स्विचमध्ये दोन मर्यादा असतात. दाब सुमारे २ बारच्या खाली किंवा सुमारे ३२ बारच्या वर गेल्यास क्लचचे विद्युत मंडल तुटते. काही गाड्यांत वरची मर्यादा याहून कमी असते.

मंडल ज्या दाबाला तुटते, त्याच दाबाला ते पुन्हा जोडले जात नाही. वरच्या मर्यादेला बंद झालेला कॉम्प्रेसर दाब सुमारे ५ ते ६ बारने उतरल्यावरच पुन्हा चालू होतो. हे अंतर ठेवले नसते, तर मर्यादेच्या आसपास क्लच क्षणाक्षणाला जोडला व सुटला असता आणि लवकर जळाला असता.

### त्रिस्तरीय स्विच

यात वरील दोन मर्यादांखेरीज मधली एक पातळी असते. दाब सुमारे १५ बारला पोहोचला की कंडेन्सरचा पंखा सुरू होतो किंवा त्याचा वेग वाढतो, आणि दाब काही बारने उतरला की तो पूर्ववत होतो. कॉम्प्रेसर बंद करण्याची वेळच येऊ नये, हा या मधल्या पातळीचा उद्देश आहे.

### कमी दाबाच्या बाजूचा चक्रीय स्विच

काही यंत्रणांत प्रसरण झडपेऐवजी ठरावीक छिद्राची नळी असते. तेथे इव्हॅपोरेटरनंतर असलेल्या संचायक टाकीवर एक स्विच बसवतात. दाब साधारण १.६ बारच्या आसपास उतरला की तो कॉम्प्रेसर बंद करतो आणि दाब साधारण ३ बारला आला की पुन्हा सुरू करतो. इव्हॅपोरेटरवर जमणारे दव गोठून हवेचा मार्ग बंद होऊ नये, यासाठी ही योजना असते.

### दाब संवेदक

आधुनिक गाड्यांत बहुधा एकच दाब संवेदक वरील सर्व कामे करतो. मर्यादा कोणत्या असाव्यात हे यांत्रिक स्प्रिंगवर न ठरता संगणकाच्या आज्ञावलीत ठरवले जाते. त्यामुळे एकाच प्रकारचा संवेदक वेगवेगळ्या गाड्यांत वेगवेगळ्या मर्यादांसह वापरता येतो.

## संवेदकाची रचना आणि कार्य

संवेदकाच्या धातूच्या कवचात एक पातळ पटल असते. त्याच्या एका बाजूस प्रशीतकाचा दाब पोहोचतो. दाबानुसार पटल किंचित वाकते आणि हे वाकणे विजेच्या साहाय्याने मोजले जाते. त्यासाठी मुख्यतः दोन पद्धती वापरतात.

पहिल्या पद्धतीत सिरॅमिकच्या दोन चकत्यांवर धातूचा लेप देऊन धारित्र बनवलेले असते. वरची चकती दाबाने वाकली की दोन लेपांमधील अंतर घटते आणि धारकता वाढते. दुसऱ्या पद्धतीत पटलावर विद्युत रोध बसवलेले असतात. पटल ताणले गेले की त्यांचा रोध बदलतो, आणि चार रोधांच्या सेतू-मंडलातून हा बदल मोजता येतो. दोन्ही प्रकारांत कवचातील लहानसे इलेक्ट्रॉनिक मंडल या बदलाचे रूपांतर व्होल्टेजमध्ये करते.

संवेदकाला बहुधा तीन तारा असतात. एका तारेने संगणक ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी भूतार असते आणि तिसरीतून संदेश परत जातो. दाबाबरोबर संदेशाचे व्होल्टेज सरळ रेषेत वाढते. उदाहरणादाखल, ० बारला ०.५ व्होल्ट आणि ३२ बारला ४.५ व्होल्ट देणारा संवेदक घेतल्यास प्रत्येक १ व्होल्टमागे दाबात ८ बारचा फरक पडतो. अशा संवेदकाने १.५ व्होल्ट दाखवले तर दाब ८ बार आणि २.५ व्होल्ट दाखवले तर १६ बार असतो.

मोजमाप ० व्होल्टपासून सुरू न होता ०.५ व्होल्टपासून का होते, याचे कारण संरक्षणाशी निगडित आहे. तार तुटली किंवा भूतारेला चिकटली तर संदेश ० व्होल्टजवळ येतो, आणि तो ५ व्होल्टच्या तारेला चिकटला तर ५ व्होल्टजवळ जातो. निरोगी संवेदक या दोन्ही टोकांना कधीच पोहोचत नसल्यामुळे संगणकाला 'दाब शून्य आहे' आणि 'तार तुटली आहे' यांतील भेद कळतो. शून्य व्होल्ट म्हणजेच शून्य दाब असे मानले असते, तर हा भेद करता आला नसता.

## नियंत्रण संगणकाचे निर्णय

दाबाच्या माहितीवरून संगणक मुख्यतः पुढील निर्णय घेतो.

- कॉम्प्रेसर सुरू करण्यास परवानगी देणे किंवा नाकारणे. चालकाने एसीचे बटण दाबणे ही केवळ विनंती असते. दाब मर्यादेत असेल तरच क्लचला वीज मिळते.
- कंडेन्सरच्या पंख्याचा वेग ठरवणे.
- इंजिनाची मंदगती सांभाळणे. कॉम्प्रेसर इंजिनाची काही किलोवॅट शक्ती घेऊ शकतो आणि दाब जितका जास्त तितका हा भार वाढतो. लहान इंजिनाच्या गाडीत हा भार अचानक आल्यास इंजिन थरथरते किंवा बंद पडते. दाबावरून भाराचा अंदाज घेऊन संगणक आधीच हवा व इंधन वाढवतो.
- कॉम्प्रेसरची क्षमता कमी-जास्त करणे. परिवर्ती क्षमतेच्या कॉम्प्रेसरमध्ये दट्ट्यांची धाव बदलता येते. दाब चढू लागल्यास कॉम्प्रेसर एकदम बंद न करता त्याची क्षमता घटवता येते.
- दोषाची नोंद ठेवणे.

स्विच आणि संवेदक यांतील खरा फरक येथे दिसतो. स्विच मर्यादा ओलांडल्यावरच कृती करतो. संवेदकामुळे दाब किती वेगाने चढत आहे हे संगणकाला दिसते आणि मर्यादा येण्यापूर्वी उपाय करता येतो.

## दाबमोचक झडप

विद्युत संरक्षण अपुरे पडल्यास अखेरचा उपाय म्हणून कॉम्प्रेसरवर किंवा त्याच्या निर्गमाजवळ यांत्रिक दाबमोचक झडप असते. साधारण ३५ ते ४१ बारच्या दरम्यान तिची स्प्रिंग दबते, थोडा प्रशीतक बाहेर पडतो आणि दाब उतरल्यावर झडप पुन्हा मिटते. वितळबुचाप्रमाणे ती सारी यंत्रणा रिकामी करत नाही. ती विजेवर अवलंबून नसल्यामुळे क्लच अडकून बसला किंवा संवेदक निकामी झाला, तरी काम करते.

कॉम्प्रेसर बंद करण्याची मर्यादा या झडपेच्या मर्यादेखाली ठेवलेली असते. म्हणजे आधी पंखा वेगवान होतो, त्याने न भागल्यास कॉम्प्रेसर थांबतो, आणि तेही शक्य न झाल्यास झडप उघडते, असा संरक्षणाचा क्रम असतो.

## मर्यादा

दाब संवेदक यंत्रणेत किती प्रशीतक शिल्लक आहे हे सांगू शकत नाही. संपृक्त दाब केवळ तापमानावर अवलंबून असल्यामुळे निम्मा प्रशीतक गळून गेलेल्या बंद गाडीतही, द्रव थोडासा उरला असेल तोवर, भरलेल्या यंत्रणेइतकाच दाब दिसतो. ३० अंशांच्या हवेत उभ्या असलेल्या दोन्ही गाड्या सुमारे ६.७ बारच दाखवतील. त्यामुळे गळतीच्या बऱ्याच पुढच्या अवस्थेपर्यंत अल्पदाब संरक्षण जागे होत नाही. कॉम्प्रेसर मधल्या काळात अपुऱ्या वंगणावर चालत राहू शकतो. गारवा कमी झाल्याची जाणीव ही अशा वेळी संवेदकापेक्षा लवकर मिळणारी सूचना ठरते.

दुसरी मर्यादा जागेची आहे. संवेदक कंडेन्सरनंतर बसवलेला असेल आणि अडथळा कंडेन्सरमध्येच असेल, तर कॉम्प्रेसरच्या निर्गमाशी दाब धोकादायक झालेला असतानाही संवेदकापाशी तो कमी दिसतो. दाबमोचक झडप कॉम्प्रेसरजवळ असण्याचे हेही एक कारण आहे.

## बिघाड आणि निदान

संवेदकातील बिघाडाची लक्षणे यंत्रणेतील इतर बिघाडांसारखीच असतात. एसी सुरू न होणे, मधूनमधून बंद पडणे, पंखा सतत पूर्ण वेगाने फिरणे किंवा मुळीच न फिरणे ही त्यांपैकी प्रमुख होत. संदेश अशक्य कक्षेत गेल्यास बहुतेक गाड्यांत संगणक कॉम्प्रेसर बंद ठेवतो आणि दोषसंकेत नोंदवतो. प्रमाणित दोषसंकेतांपैकी पी०५३० हा संवेदकाच्या मंडलातील सर्वसाधारण दोष, पी०५३१ हा कक्षेबाहेरील किंवा विसंगत मापन, पी०५३२ हा अतिशय कमी संदेश, पी०५३३ हा अतिशय जास्त संदेश आणि पी०५३४ हा प्रशीतक घटल्याचा संशय दर्शवतो.

दोषसंकेत आला म्हणजे संवेदकच खराब आहे असे ठरत नाही. निदानाचा रूढ क्रम पुढीलप्रमाणे असतो.

- गाडी काही तास बंद ठेवल्यावर संवेदकाने दाखवलेला दाब बाहेरच्या तापमानाच्या संपृक्त दाबाशी ताडून पाहणे. तो बराच कमी असल्यास प्रशीतक जवळजवळ संपलेला असतो किंवा संवेदक चुकीचे मापन करत असतो.
- दाबमापक जोडून त्यावरील आकडा आणि स्कॅनरवर दिसणारा संवेदकाचा आकडा यांची तुलना करणे. दोन्ही जुळल्यास संवेदक निर्दोष असून दोष यंत्रणेत आहे.
- आकडे न जुळल्यास संवेदकाच्या जोडणीपाशी ५ व्होल्टचा पुरवठा आणि भूतार तपासणे. गंजलेली किंवा सैल जोडणी हे बिघाडाचे नेहमीचे कारण आहे.
- यानंतरही दोष राहिल्यास संवेदक बदलणे.

अनेक गाड्यांत संवेदकाखाली आपोआप मिटणारी झडप असते आणि प्रशीतक न काढता तो बदलता येतो. जेथे अशी झडप नसते, तेथे आधी यंत्राच्या साहाय्याने प्रशीतक काढून घ्यावा लागतो. आर-१३४ए वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे निसटलेला द्रव कातडीवर किंवा डोळ्यांत गेल्यास हिमदाह होतो. या कामात चष्मा आणि हातमोजे आवश्यक असतात.

### संरक्षण निकामी करण्याचे धोके

एसी सुरू होत नसल्यास स्विचच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून कॉम्प्रेसर थेट चालू करण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. क्षणभराच्या तपासणीपलीकडे ही तार तशीच राहिल्यास कॉम्प्रेसरचे दोन्ही बाजूंचे संरक्षण नाहीसे होते. स्विचने कॉम्प्रेसर थांबवला असेल, तर त्यामागे गळती, बंद पंखा किंवा तुंबलेला कंडेन्सर यांपैकी एखादे कारण असण्याची शक्यता मोठी असते. ते न शोधता संरक्षण काढून टाकल्यास काही शे रुपयांच्या दुरुस्तीऐवजी संपूर्ण कॉम्प्रेसर बदलण्याची पाळी येऊ शकते.

गारवा कमी झाला की अंदाजाने 'गॅस' भरणे हीसुद्धा अशीच घातक सवय आहे. दाबावरून प्रशीतकाचे प्रमाण ठरत नसल्यामुळे उत्पादकाने सांगितलेले वजन मोजूनच तो भरावा लागतो. हे वजन बहुधा बॉनेटखालील पट्टीवर छापलेले असते.

## पर्यावरणीय महत्त्व

आर-१३४ए ओझोन थराला इजा करत नाही, परंतु तो तीव्र हरितगृह वायू आहे. १०० वर्षांच्या कालावधीत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरला जातो. या हिशेबाने ५०० ग्रॅम आर-१३४ए हवेत निसटणे हे सुमारे ७१५ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. झडप उघडण्यापूर्वी कॉम्प्रेसर थांबवणारा संवेदक म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१७ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत १५० पटींहून अधिक परिणाम असलेल्या प्रशीतकांना बंदी केली. त्यामुळे तेथे आर-१२३४वायएफचा वापर वाढला. त्याचे दाब आर-१३४एशी मिळतेजुळते आहेत, मात्र तो सौम्य ज्वलनशील असल्याने गळती रोखणे अधिकच गरजेचे ठरते. कार्बन डायऑक्साइडचाच प्रशीतक म्हणून वापर करणाऱ्या काही यंत्रणाही आहेत. त्यांत उच्च दाब १०० बारच्याही पुढे जात असल्यामुळे नळ्या, झडपा आणि संवेदक वेगळ्या बनावटीचे लागतात.

## विद्युत वाहनांतील उपयोग

विद्युत वाहनांत कॉम्प्रेसर पट्ट्यावर न चालता उच्च व्होल्टेजच्या मोटारीवर चालतो आणि त्याला क्लच नसतो. संरक्षणासाठी मोटारीचा वेग घटवला किंवा शून्यावर आणला जातो. अनेक विद्युत वाहनांत हीच यंत्रणा बॅटरीलाही थंड ठेवते, विशेषतः जलद चार्जिंगच्या वेळी. अशा वाहनात दाब संवेदक बिघडल्यास केवळ प्रवाशांचा गारवा जात नाही, तर बॅटरी तापू नये म्हणून चार्जिंगचा वेग किंवा गाडीची शक्ती मर्यादित केली जाऊ शकते. यांपैकी अनेक यंत्रणांत दाब व तापमान दोन्ही मोजणारे संयुक्त संवेदक एकाहून अधिक ठिकाणी बसवलेले असतात.

## हे सुद्धा पहा

- वातानुकूलन
- प्रशीतन
- कॉम्प्रेसर
- माँट्रियल करार
- हरितगृह वायू